बेटावरील रेजिना हायस्कुलात आली ते वर्तमान

प्रभूचे स्मरण करून, आणि ज्या मुली त्या सभेस आपल्या पायांनी उभ्या होत्या त्यांच्या तोंडून ऐकून, हे वर्तमान लिहिले असे. पदरचे काही घातले नाही. विसरले ते विसरले. शके १९१४, अंगिरानाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमा, सोमवार, ते दिवशी सुटी संपून शाळा उघडली, तेथून आरंभ.

समुद्रकाठी, खाडीच्या मुखाजवळ, एक संस्थान होते. नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. उत्तरेस देऊळ, म्हणजे किरिस्तावांचे देऊळ, दक्षिणेस धक्का, मध्ये चिरेबंदी दुमजली हायस्कूल, आणि त्यात चारशे मुली. कारभार मोठ्या सिस्टर पाहात. नाव सिस्टर इमॅक्युलेट, परंतु तोंडावर आणि माघारी सर्वच त्यांस मोठ्या सिस्टर म्हणत. उंचीने लहान, आवाज त्याहून लहान, आणि तरी त्या व्हरांड्यातून जाऊ लागल्या म्हणजे दोन वर्ग पुढचे आपोआप शांत होत. संस्थानात मुलखाच्या चाली अनेक, त्यांत एक ऐशी की, सातवीपर्यंत गावोगावच्या मराठी शाळांतून शिकून ज्या मुली आठवीस नव्या येत, त्यांस इंग्रजी बोलीची आणि कॉन्व्हेंटच्या रीतीची सवय नसे, म्हणून दहावीतील निवडक मुलींस निळी फीत देऊन एकेका नव्या मुलीमागे एकेक तैनात करीत. त्यांस सोबतीण म्हणत. सोबतिणीने वाट दाखवावी, रीत सांगावी, रडू आले तर जवळ बसावे, इतके काम. फितीचा मान फार. दहावीतील मुली ती फीत घरी धुऊन, इस्तरी करून आणीत.

त्या साली सोबतिणींत मुख्य सुलक्षणा पाठारे होती. धर्माने हिंदू, परंतु बालवाडीपासून याच संस्थानात वाढली, त्यामुळे इंग्रजी प्रार्थना आणि चर्चची गाणी तिला मुखोद्गत होती, आणि गायला उभी राहिली म्हणजे परेरा टीचर, ज्या आठवीच्या वर्गशिक्षिका, त्या म्हणत की आमच्या मुलींनी हिच्याकडून शिकावे. मुलगी हुशार, कामसू, कोणाचे वाईट न चिंतणारी. तिच्या मनात मात्र एक जुने शल्य होते. पाचवीत असता व्यासपीठावर कविता म्हणताना शब्द विसरली, आणि सगळी शाळा हसली, आणि ती तेथेच उभी राहून रडली होती. ते कोणास आता आठवत नव्हते. तिला आठवत होते. मग फीत गळ्यात पडली तेव्हा तिने मनाशी नेम केला की माझ्या वाट्याच्या मुलीवर तो प्रसंग येऊ द्यायचा नाही.

तिच्या वाट्यास रेजिना रुमाव आली. रेजिना खाडीपलीकडच्या बेटावरची. बाप होड्या बांधणारा सुतार, आई वाडीत भाजी लावणारी, आणि बेटावर शाळा एका खोलीची, गुरुजी एकच, सातही वर्ग एकाच फळ्यावर. घरी सर्व मराठीतून. ख्रिस्ती असून इंग्रजी प्रार्थना एक येत नव्हती, मराठी सर्व येत होत्या. बेटाहून येण्यास होडी, आणि होडी भरतीओहोटीच्या तालावर, त्यामुळे पहिल्याच दिवशी रेजिना घंटेनंतर अर्ध्या घटकेने येती जाहली, पायांस चिखल, हातात चपला, आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. परेरा टीचरांनी इंग्रजीत विचारिले की उशीर का. रेजिनाने तोंड उघडिले, तोच सुलक्षणा मागून धावत आली आणि तिच्या वतीने सर्व कारण सांगितले, होडी, ओहोटी, चिखल, सर्व, आणि तेही उत्तम इंग्रजीत. टीचर खूष जाहल्या. रेजिनाने तोंड मिटले आणि जागेवर जाऊन बसली.

तेथून तीच रीत पडली. सुलक्षणाने तिला पाण्याची खोली दाखविली, प्रार्थनामंदिरात कोणत्या बाकावर बसावे ते दाखविले, वाचनालयाचे कार्ड काढून दिले, आत येऊ का हे इंग्रजीत कसे विचारावे ते शिकविले, आणि मग विचारण्याची वेळ आली म्हणजे आपणच विचारिले. उशिराच्या चिठ्ठ्या तीच लिही. मधल्या सुटीत मुलींनी रेजिनास काही विचारिले तर उत्तर सुलक्षणा देई, आणि नववीतल्या काही मुली रेजिनास मुकी म्हणू लागल्या तेव्हा सुलक्षणा त्यांच्याशी भांडली आणि त्यांस गप्प केले. रेजिना या सर्वांत काही बोलली नाही. घरी जाताना धक्क्यावर सुलक्षणास हात करी आणि होडीत बसे. सुलक्षणास वाटे, पोर लाजाळू आहे, सुखात आहे. आषाढ सारा असाच गेला.

मग श्रावण लागला, आणि मोठ्या सिस्टरांची आज्ञा निघाली की नव्या मुलींपैकी प्रत्येकीने एकेका गुरुवारी सकाळची प्रार्थनासभा चालवावी. रीत अशी की मुलीने देवाकडे पाच मागणी आपल्या शब्दांत लिहावी, इंग्रजीत, आणि व्यासपीठावरून म्हणावी, आणि दर मागण्याअंती चारशे मुलींनी एका सुरात, प्रभू आमचे ऐक, म्हणावे. रेजिनाची पाळी श्रावण शुद्ध अष्टमीच्या गुरुवारी ठरली. पाळी ठरली त्याच दिवशी सुलक्षणाने बसून पाच मागणी लिहून काढिली, जगातील शांततेसाठी, पुढाऱ्यांच्या सद्बुद्धीसाठी, ऐशी भारदस्त, आणि कागद रेजिनास दिला. सोमवारी वाचून घेतले, मंगळवारी वाचून घेतले, बुधवारी वाचून घेतले. मोठमोठे शब्द रेजिनाच्या जिभेवर बसेनात. तिसऱ्या मागण्यास ती दर खेपेस अडके आणि मान खाली घाली. सुलक्षणास आपली पाचवी आठवली.

गुरुवारी सभेच्या अगोदर सुलक्षणा परेरा टीचरांपाशी गेली आणि बोलली की रेजिनाचा घसा बसला आहे, शब्द फुटत नाही, तिच्या जागी मी म्हणते. टीचरांनी मान्य केले. मग सुलक्षणा व्यासपीठावर चढली, पाचही मागणी एका दमात, न अडखळता म्हटली, आणि चारशे मुलींनी उत्तर दिले. रेजिना त्या वेळी आठवीच्या रांगेत दुसऱ्या जागी उभी होती. ते दिवशी ती पहिल्या होडीने, घंटेच्या पाऊण तास अगोदर आली होती, केस तेल लावून घट्ट वेणीत, नवे मोजे घालून. आपले नाव आणि आपला बसलेला घसा तिने टीचरांच्या तोंडून ऐकिला, आणि जागची हालली नाही.

सभा सुटल्यावर परेरा टीचर मायेच्या बाई, त्या तिच्यापाशी आल्या आणि मराठीतच बोलल्या की स्वैपाकघरातून मिठाचे गरम पाणी मागून घे, गुळण्या कर, बरे वाटेल. रेजिना त्यांच्याकडे पाहात राहिली आणि मग, दोन महिन्यांत प्रथमच, स्पष्ट आवाजात म्हणाली, "टीचर, माझा घसा चांगला आहे."

प्रकरण मोठ्या सिस्टरांकडे गेले. सुलक्षणास बोलावणे आले. ती खोटे फार वेळ धरणारी नव्हती. उभ्या उभ्या सर्व सांगितले, पाचवीतले हसणेही सांगितले, आणि म्हणाली की मी तिला वाचविले. सिस्टरांनी सर्व ऐकून घेतले आणि मग हळू आवाजात इतकेच विचारिले, "तिला विचारलं होतंस?" सिस्टरांनी हात पुढे केला. सुलक्षणाने फीत काढून त्या हातावर ठेविली. शिक्षेची मुदत सांगितली नाही, आणि तिने विचारिली नाही.

फीत गेली याचे दुःख होतेच, परंतु सुलक्षणाच्या मनात ऐसे होते की रेजिना तरी समजेल, जिच्यासाठी हे घडले ती तरी दोन शब्द चांगले बोलेल. म्हणून शाळा सुटल्यावर ती धक्क्यावर गेली. पाऊस भुरभुर पडत होता, होडी यायची होती, आणि रेजिना दप्तर पोटाशी धरून दगडावर बसली होती. सुलक्षणाने जवळ बसून सांगितले की माझी फीत गेली. रेजिना म्हणाली, कळले. मग सुलक्षणा म्हणाली की वाईट वाटून घेऊ नकोस, मी तुझ्यासाठीच केले. तेव्हा रेजिनाने दप्तरातून एक चौघडी कागद काढिला. तो सुलक्षणाचा नव्हता. त्यावर रेजिनाच्या गोल अक्षरात, खोडून खोडून, पाच मागणी इंग्रजीत लिहिलेली होती.

"तुझा कागद मी घरी ठेवलाय, ताई. आज मी हा म्हणणार होते. बाबा रंधा मारतात तेव्हा त्यांना रोज म्हणून दाखवला. होडी हाकणाऱ्या तांडेलांनापण दाखवला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण कुठे थांबते ते त्यांना कळतं."

सुलक्षणा म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी थांबलीस?" रेजिना म्हणाली. आवाज चढविला नाही. "मला चुकीचं बोलता येतं, ताई. पण बोलता येतं. तू माझ्या आधी बोलतेस."

होडी आली. रेजिना कागदाची घडी घालून होडीत चढली, आणि त्या दिवशी तिने हात केला नाही. सुलक्षणा धक्क्यावर भिजत उभी राहिली. प्रथम तिला राग आला, की इतके केले त्याचे हे फळ, आणि रस्त्याने निम्म्या वाटेपर्यंत तो राग टिकला. मग तिला पहिला दिवस आठवला, वर्गाचे दार, आणि रेजिनाने उघडलेले तोंड. ते मिटताना तिने पाहिले होते आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. घरी आईने विचारिले की काय झाले, तर सांगता येईना, कारण सांगण्यासारखा दुसऱ्याचा दोष त्यात सापडेना.

शुक्रवारी सकाळी सुलक्षणा आपण होऊन मोठ्या सिस्टरांच्या दारी उभी राहिली. सिस्टरांस वाटले फीत मागायला आली. ती म्हणाली की फीत नको, रेजिनाची पाळी मी खाल्ली ती तिला परत द्यावी. सिस्टर म्हणाल्या की देईन, परंतु ती घेते का हे तिला विचार, माझ्या नावाने नव्हे, तुझ्या. मग मधल्या सुटीत सुलक्षणाने जाऊन विचारिले, आणि विचारून गप्प उभी राहिली, जे तिला फार जड गेले. रेजिनाने डब्यातली भाकरी संपविली, डबा पुसला, बंद केला, आणि मग म्हणाली की घेईन, परंतु एक अट आहे.

"तू समोर उभं राहायचं. आणि ओठ हलवायचे नाहीत."

सुलक्षणाने कबूल केले.

श्रावण वद्य पक्षी गुरुवारी सभा भरली. पाऊस उघडला होता. चारशे मुली रांगांनी उभ्या, शिक्षिका कडेने, मोठ्या सिस्टर खांबाशी. सुलक्षणा फितीवाचून दहावीच्या रांगेच्या अगदी पुढे. रेजिना व्यासपीठावर चढली आणि हातात कागद नव्हता. पहिले मागणे होडीच्या तांडेलासाठी, जो उशीर झालेल्या मुलीसाठी दोर धरून थांबतो. व्याकरण चुकले, परंतु समजले, आणि चारशे मुलींनी उत्तर दिले. दुसरे बापाच्या हातांसाठी, ज्यांस कुसळे लागतात. त्यासही उत्तर आले. तिसरे बेटावरच्या माणसांसाठी, जी आजारी पडली तर ओहोटीत होडी लागत नाही म्हणून भरतीची वाट पाहतात. येथे ओहोटीस इंग्रजी शब्द आठवेना. रेजिना थांबली.

सभा शांत जाहली. एक श्वास गेला, दुसरा गेला, पाचवा गेला. नववीच्या रांगेतून कोणी खुदकन हसले, आणि त्याला लागून आणखी दोघी हसल्या. सुलक्षणास तो शब्द ठाऊक होता. तो तिच्या जिभेवर होता, आणि नुसता ओठांचा आकार केला असता तरी रेजिनास दिसला असता, कारण रेजिना थेट तिच्याकडेच पाहात होती. सुलक्षणाने दात दातांवर दाबले आणि ओठ मिटून धरिले, आणि तिच्या डोळ्यांस पाणी आले, तरी ओठ हालले नाहीत. परेरा टीचर पुढे निघाल्या, तर मोठ्या सिस्टरांनी हाताने अडविले.

तेव्हा रेजिना हसणाऱ्या रांगेकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "वेट."

रागाने नव्हे. तांडेलास सांगावे तसे म्हणाली. हसणे थांबले. मग शब्द सापडलाच नाही, म्हणून "पाणी निघून जाते तेव्हा" ऐसे सरळ सोप्या इंग्रजीत म्हणून तिने मागणे पुरे केले, आणि चौथे म्हटले, आणि पाचवे म्हटले. उत्तर दर खेपेस आले, आणि शेवटचे सर्वांत मोठे आले, ऐसे जी जी तेथे होती ती ती सांगते. प्रार्थनेस टाळ्या वाजवीत नाहीत, म्हणून कोणी वाजविल्या नाहीत. रेजिना खाली उतरून आपल्या जागेवर, दुसऱ्या जागी, जाऊन उभी राहिली.

मधल्या सुटीत सुलक्षणा एकटी कठड्यावर बसली होती. आपण जावे की न जावे हे तिचे ठरत नव्हते. तेवढ्यात रेजिना आपण होऊन आली, वही आणि पेन्सिल घेऊन, आणि शेजारी बसली.

"ताई, किती चुका झाल्या?"

सुलक्षणाने पुष्कळ चांगले झाले म्हणावे, ऐसे मनात आणिले, आणि मग ते सोडून दिले. "सात," ती म्हणाली.

"कोणत्या? सांग. ओहोटीपासून सांग."

मग सुलक्षणाने ओहोटीपासून सांगितले, आणि रेजिनाने लिहून घेतले, आणि मध्ये जेथे पटले नाही तेथे भांडलीही, आणि घंटा झाली तरी दोघी बसूनच होत्या.

तात्पर्य इतके की, फीत भाद्रपदात परत मिळाली, आणि सोबतिणीने बोलण्याआधी विचारावे हा नियम त्या साली संस्थानात लेखी जाहला. सात चुकांपैकी पाच त्या दिवशी सुटल्या. दोन राहिल्या. जसे घडले तसे लिहिले.