तुळजाआत्यांचा होकार

मुलांनो, तुम्हाला एखादी गोष्ट नको असली, तर तुम्ही काय करता बरं?

आणखी भात वाढायला कुणी आलं, की ताटावर हात आडवा धरता. कडू औषध दिसलं, की ओठ घट्ट मिटता. शब्दसुद्धा काढावा लागत नाही. आईला कळतं. कळलं तरी ती औषध पाजतेच, तो भाग वेगळा.

एका जंगलात एक तळं होतं. त्या तळ्यात तुळजाआत्या नावाच्या म्हाताऱ्या कासवीणबाई राहायच्या. त्यांचीही नको म्हणायची एक रीत होती. त्या मान आत ओढून घ्यायच्या. होय म्हणायचं असलं, की मान बाहेर ठेवून डोळे मिचकावायच्या. मागच्या हिवाळ्यात मोठ्या तापात त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून त्या एवढंच बोलायच्या. पण कुणाचं काही अडलं नव्हतं. बेडकाच्या पिल्लांनासुद्धा त्यांचं म्हणणं कळायचं.

त्या जंगलाचा एक जुना नियम होता. तळ्याकाठचं काहीही हलवायचं, तर तळ्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या जिवाला आधी विचारायचं. आणि वाघमहाराजांना नेमकी काठची वाळू हवी होती. उन्हाळ्यात त्यांच्या गुहेची जमीन इतकी तापायची, की दरबारात बसवत नसे. गार वाळूचा वीतभर थर अंथरला की झालं, असं प्रधान मुंगसानं सुचवलं होतं.

आत्यांनी ते ऐकलं आणि मान आत ओढून घेतली. त्या वाळूत त्यांची अकरा अंडी होती.

प्रधान म्हणाला, मान आत गेली म्हणजे नकार, हे ठरवलं कुणी? थंडी वाजली असेल. झोप आली असेल. असा अंदाजानं राज्याचा कारभार चालत नाही. त्यानं पलीकडच्या जंगलातून शिकून आलेल्या डॉक्टर कोळ्याला बोलावणं धाडलं.

डॉक्टर कोळी फार हुशार होता आणि, खरं सांगायचं तर, मनानं वाईटही नव्हता. मुक्या जिवांना बोलतं करावं, हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न. त्यानं आत्यांना नीट समजावून सांगितलं, की विचार म्हणजे डोक्यातली बारीकशी वीज असते. ती चमकते, फक्त गडगडत नाही. डोक्यावर रेशमी धागे चिकटवले, की ती धाग्यांत उतरते आणि धागे थरथरतात. धाग्यांच्या दुसऱ्या टोकाला चारशे मुंग्या बसतील. कुठला धागा किती थरथरला, ते त्या एकमेकींना सांगत जातील, गणित करतील, आणि शेवटची मुंगी वडाच्या अंधाऱ्या ढोलीतल्या काजव्यांना निरोप देईल. उजवीकडचे काजवे पेटले तर होय. डावीकडचे पेटले तर नाही.

आत्यांना ते फार आवडलं. आज होय-नाही, उद्या कदाचित अंड्यांबद्दलही सांगता येईल. त्यांनी दोनदा डोळे मिचकावले.

आधी मुंग्यांना शिकवायचं होतं. त्यासाठी ज्यांची उत्तरं ठाऊक आहेत, असेच प्रश्न आत्यांना विचारायचे. पंधरा दिवस शिकवणी चालली.

"तुम्ही कासव आहात का?" कोळी विचारायचा.

आत्या मान बाहेर ठेवून मनात होय म्हणायच्या. धागे थरथरायचे. मुंग्या ते लक्षात ठेवायच्या.

"तुम्ही ससा आहात का?"

आत्या सवयीनं मान आत ओढायच्या. धागे तटातट तुटायचे.

कोळी उसासा टाकून नवे धागे चिकटवायचा आणि मुंग्यांना सांगायचा, की हे धरू नका, धागा तुटला होता. बिघडलेलं माप शिकवणीत घ्यायचं नाही, असं त्याच्या गुरूंनी त्याला बजावलं होतं. असे दोनशे प्रश्न झाले. शंभर वेळा धागे तुटले. उरलेल्या शंभर उत्तरांवर मुंग्यांची परीक्षा झाली, आणि मुंग्यांना शंभरपैकी शंभर गुण मिळाले. प्रधानानं जंगलभर उंबरं वाटली.

आत्यांची शेजारीण होती शेवंता पाणकोंबडी. तिनं उंबर खाल्लं आणि मग विचारलं, "डॉक्टर, ती उरलेली शंभर उत्तरं होयचीच होती ना?"

"शंभरच्या शंभर बरोबर होती," कोळी अभिमानानं म्हणाला.

मग मोठा दिवस आला. महाराज वडाखाली येऊन बसले. धागे पुन्हा तुटू नयेत, म्हणून या वेळी आत्यांच्या मानेभोवती वेताची एक कडी बसवली होती. मऊ होती, टोचत नव्हती. फक्त मान आत जात नव्हती.

प्रधानानं विचारलं, "आत्याबाई, काठची वाळू उपसायला तुमची संमती आहे ना?"

आत्यांनी मान ओढली. कडी आडवी आली. मग त्यांनी सगळा जीव डोक्यात गोळा केला आणि मनातल्या मनात ओरडल्या: नको, नको, त्यात माझी बाळं आहेत.

उजवीकडचे काजवे लखकन पेटले.

आत्यांनी आणखी जोरानं नको म्हटलं. काजवे आणखी झगमगले. एवढा उत्साही होकार आपण कधी पाहिला नाही, असं प्रधान म्हणाला आणि टाळ्या वाजवू लागला.

"अहो, त्या मान ओढताहेत, बघा तरी," शेवंता म्हणाली.

"ती हालचाल आहे, बाई. मत नव्हे. मत तिकडे ढोलीत दिसतं," प्रधान म्हणाला.

शेवंतानं आत्यांकडे पाहिलं. आत्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग यंत्राचं पुष्कळ कौतुक करून, आपणही एखादा प्रश्न विचारावा का, असं तिनं अदबीनं विचारलं. प्रधान खुशीत होता. त्यानं परवानगी दिली.

"आत्या, तुम्ही ससा आहात का?"

उजवीकडचे काजवे पेटले. मागे कुणीतरी खोकलं. म्हातारपणी असं वाटू शकतं, असं प्रधानानं सर्वांना समजावलं.

"बरं आत्या, आपले महाराज उंदीर आहेत का?"

उजवीकडचे काजवे पेटले.

महाराजांनी सावकाश मान वळवली. "डॉक्टर, हे यंत्र चुकतं का?"

कोळ्याला ते शंभर गुण आठवले. "आजवर एकदाही नाही, महाराज," तो हळूच म्हणाला.

महाराज प्रधानाकडे पाहत राहिले. प्रधानाची शेपटी फुलली. मग त्याला सुचलं. यंत्र उत्तमच आहे, पण आज ऊन फार, मुंग्यांना भोवळ आली असणार, तेव्हा आजची उत्तरं रद्द समजावीत.

"सगळी?" शेवंतानं विचारलं.

"सगळी," महाराज म्हणाले. "आणि ती कडी काढा."

कडी काढली. आत्यांची मान आत गेली. पाय आत गेले. शेपूटसुद्धा आत गेलं. समोर नुसती पाठ उरली.

"त्या नको म्हणताहेत, महाराज," शेवंता म्हणाली.

"ते दिसतंय मला," महाराज म्हणाले, आणि आणखी कुणी काही विचारायच्या आत उठून गुहेकडे निघाले.

यंत्र वाया गेलं नाही. प्रधानानं ते त्याच संध्याकाळी दरबारात हलवलं, आणि सगळ्या दरबाऱ्यांच्या मापाच्या कड्या करायला टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळू जिथल्या तिथे होती, आणि तिच्यातून अकरा इवलीशी कासवं निघून तळ्याकडे चालत गेली.

तात्पर्य : यंत्र कधीच चुकत नाही, चुकतो तो प्रश्न. म्हणून मुलांनो, कुठलाही प्रश्न विचारण्यापूर्वी तो प्रधानांना दाखवून घ्यावा, आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या डोळ्यांकडे मुळीच पाहू नये.