उभं राहणाऱ्याचं माप

सकाळी सव्वाअकरा वाजता मागच्या खोलीत सुताराने नव्या टेबलाचे चारही पाय कापले. साडेअकराला मोजपट्टी बाजारातून परतला आणि दारातच ओरडला, "अरे, कुणी केलं हे?"

मोजपट्टी हे त्याला कचेरीत मिळालेलं नाव; घरच्यांनीही ते आनंदाने उचललं होतं. मागच्या खोलीत स्वतःचं छोटं वर्कशॉप करायचं ठरल्यापासून कामाचं टेबल कुठे आणि कसं लावावं, यात त्याने महिना घालवला होता. भिंतीला लावलं तर लांब फळी फिरवायला जागा नाही. मधोमध ठेवलं तर दार उघडत नाही. एलच्या आकाराचं केलं तर कोपऱ्यात हात पोचत नाही. तिन्ही आराखडे फरशीवर खडूने काढलेले. बायको तिथे कपडे वाळत घालायला गेली की हा बाहेरून ओरडायचा, "अगं, शिकंज्यावर पाय देऊ नकोस!" शिकंजा म्हणजे वस्तू आवळून धरणारा लोखंडी जबडा. तो तेव्हा अजून दुकानातच होता.

शेवटी खिडकीखालची जागा पक्की झाली. राहिली उंची. "उंची चुकली की कंबर गेली," तो जेवताना सांगायचा. "माणसानं टेबलापुढे वाकायचं नसतं. टेबल माणसाच्या मापाचं पाहिजे." बायको वाढत होती आणि ऐकून घेत होती.

त्या सकाळी शिकंजा आणायला निघताना त्याने सुताराला फोनवर बजावलं, "कामाला उभं राहणाऱ्याचं माप घे आणि पाय काप." आणि बायकोला म्हणाला, "मी येईपर्यंत तिथे उभी राहा. हातावर उजेड पडतो का बघ." सुतार आला तेव्हा टेबलापाशी बाई उभ्या होत्या. त्याने त्यांच्या मनगटापर्यंतचं माप घेतलं आणि करवत चालवली.

"ती उजेड बघायला उभी होती!" मोजपट्टी किंचाळला.

"मग तसं सांगायचं ना, साहेब. मला वाटलं, वहिनी सुतारकाम शिकतायत."

"आता जोड ते पाय!"

"नखं आहेत का साहेब, परत वाढायला?"

ताडमाड मोजपट्टी टेबलावर ओणवा झाला. "बघ! असा कुबडा होऊन काम करू? जन्मभर?"

बायकोचं लक्ष नव्हतं. तिने दोन्ही तळवे टेबलावर टेकले होते आणि तिचे खांदे हळूहळू खाली आले होते. "किती बरं वाटतंय," ती पुटपुटली. मग तिचा आवाज चढला. "अहो, स्वयंपाकघरातला ओटा बांधला तेव्हा माप कुणाचं घेतलं होतं?"

"त्याचा इथे काय संबंध? तू माहेरी होतीस, गवंडी थांबायला तयार नव्हता. म्हणून मी उभा राहिलो."

"त्यानंतर एकदा तरी उभे राहिलात तिथे?"

सुतार हत्यारं पिशवीत भरू लागला. "मी नंतर येतो."

"थांब!" दोघं एकदमच ओरडले.

"फळीवर चढून कणीक मळते मी, खांदे कानाला लावून!" ती म्हणाली. "इतकी वर्षं! आणि तुम्हाला दोन मिनिटं वाकावं लागलं तर घर डोक्यावर घेतलंत!"

तिने आतून विजेची शेगडी आणली, कुकर आणला, भाजी आणली, विळी नको म्हणून सुरी आणली, आणि सगळं खिडकीखाली मांडलं.

"चहाचं काय झालं?" म्हणत मोजपट्टीची आई आली.

"आई, आता तूच सांग हिला."

आईने टेबलावर हात ठेवून पाहिले. तिनेही त्याच ओट्यापाशी टाचा उंचावून दिवस काढले होते. "छान आहे गं," ती सुनेला म्हणाली. "मला अजून दोन बोटं कमी चाललं असतं."

सुताराने करवत पुन्हा बाहेर काढली.

"खबरदार!" म्हणून मोजपट्टी पाय आपटत स्वयंपाकघरात गेला. तिथली फळी त्याने लाथेने सारली आणि हातातला शिकंजा दाणकन ओट्यावर ठेवला. मग तसाच उभा राहिला. ओटा बरोबर त्याच्या मनगटाला लागत होता. उजेड डावीकडून येत होता. आकार एलचा होता आणि कोपऱ्यात हात पोचत होता. लांब फळी फिरवायला मागे हवी तेवढी जागा होती. तो आणखीच चिडला.

दुपारी दोन वाजता शिकंजा ओट्याच्या काठाला आवळलेला होता आणि मागच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. आईचा चहा झाला होता. सुताराला जा म्हणायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तो दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळात बसून होता.

"मिठाचा डबा तिकडेच राहिलाय," मागच्या खोलीतून आवाज आला.

"माझी कानस तिकडे आहे," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

अजून दोघांपैकी कुणीही उंबरठा ओलांडलेला नाही. भाजी अळणी शिजते आहे.