काट्याला कौल

रत्नागिरीत, सन एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या एका मंगळवारी, आत्माराम माचिवले यांच्या उभ्या टॅक्सीस एका सरकारी खात्याच्या जीपने मागून धडक दिली. मडगार्ड चेपले, ते खात्याने कबूल केले. पण त्याच क्षणी पेट्रोलचा काटा 'भरलेली' या खुणेला चिकटला तो चिकटलाच. टाकी कोरडी पडून गाडी चढावावर थांबे, तरी काटा तृप्त. शनिवारी गाडीचे पासिंग होते. काटा बंद तर पासिंग नाही, पासिंग नाही तर धंदा नाही, आणि धंदा नाही तर बायको तुळसा काय म्हणेल, हे आत्माराम लग्नापासून ओळखून होता. खात्याने काटा दुरुस्त करून द्यावा, असा त्याने अर्ज केला.

चौकशी अधिकारी देवस्थळीसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"धडकेनंतर काटा बिघडला, हे मान्य. धडकेमुळे बिघडला, हे कशावरून?"

"सायब, सकाळपावेतो बरा व्हता वो! मी सोता बघितला."

"निरोगी काट्याचा दाखला आहे?"

"काट्याचा दाखला कोन काढतो?"

"म्हणजे नाही." साहेबांनी लिहून घेतले. "आमच्या अकरा जीपांचे काटे बंद आहेत. त्यांना कुणी ठोकलेले नाही. सबब, काटे आपोआप बंद पडतात."

आत्मारामचे डोके फिरले. "मग आता देवालाच कौल लावा!" तो ओरडला, आणि इथेच त्याने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. साहेबांनी नियमांचे पुस्तक चाळले. देवाची साक्ष घेऊ नये, असे त्यात कुठेच नव्हते.

शुक्रवारी अख्खे खाते ग्रामदेवतेच्या देवळात हजर झाले. एवढी हजेरी कचेरीत कधी लागली नव्हती. गुरव गंगारामने देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्याने गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराचा काटा जर का धडकेनं बिघाडला असंल, तर उजवा कौल दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कारकून, शिपाई, बघे, सगळ्यांनी डोळे मिटून आरोळी ठोकली.

उजवी पाकळी पडली. आत्मारामने टुणकन उडी मारली. गंगारामने घंटा बडवली. आणि त्यानंतर, हँडब्रेक न लावलेली खात्याची जीप उतारावरून घरंगळत येऊन देवळाच्या जोत्यावर धाडदिशी आदळली.

देवस्थळीसाहेबांचा चेहरा उजळला.

"पाकळी पडली, हे मान्य. पण स्वतः पडली, की आमची जीप आदळल्यामुळे?"

"आधी पाकळी, मंग घंटा, मंग जीप!" आत्माराम कळवळला.

"तुम्ही अर्जदार, तुमची साक्ष चालत नाही. गुरव, ही पाकळी यापूर्वी बिनधडक पडत असल्याचा दाखला?"

गंगारामने देवाकडे पाहिले. देवाने त्याच्याकडे पाहिले नाही.

"मग कुणी पाहिले?" साहेबांनी जमावाला विचारले. बहुतेकांचे डोळे तेव्हा मिटलेले होते. ज्यांचे उघडे होते, त्यांनी आता मिटून घेतले.

पासिंग हुकले. टॅक्सी अजून माडाखाली उभी आहे. आत कोंबड्या बसतात आणि काटा 'भरलेली' दाखवतो. प्रकरण स्वतंत्र साक्षीदाराअभावी प्रलंबित आहे. साक्षीदार अर्जदाराचा नातलग नसावा आणि त्याला घटनाक्रम ठाऊक असावा, एवढीच अट आहे.

तुम्ही आत्मारामचे कुणी लागत नाही. आधी काय झाले, तेही तुम्ही आत्ताच वाचलेत. देवस्थळीसाहेब सोमवारी अकराला बसतात. येताय ना?

आत्माराम म्हणालाच होता, "कोन येनार, सायब? लोकांना कामं असतत."