उचलायचं नाय

शेवंताताईंना उचलायला कुणी पुढे झालं, की त्या ठरलेलं विचारत, "मी काय पेणचा गणपती हाय? आज उचलाल, उद्या बुडवाल."

त्यांचे पाय जन्मापासूनच अधू. नव्वदच्या दशकात त्या हाताने फिरवायच्या तीनचाकीवरून सगळं पेण पालथं घालत. भोंगा असा वाजवत की एसटीचा ड्रायव्हरसुद्धा गाडी बाजूला घेई. दर आठवड्याला त्या रोह्याला जात, तिथल्या अपंगांना जमवून कचेऱ्यांच्या पायऱ्या अडवायला. कंडक्टर सायकल टपावर चढवी. ताई मात्र हातांवर जोर देत स्वतःच्या स्वतः गाडीत चढत. खोळंबलेल्यांपैकी कुणी कुरकुरलं, की म्हणत, "सायकल उचला. मला उचलायचं नाय. घाई असंल त्यानं चालत सुटावं, वाटंत गडब गावाला गाठतो आम्ही."

मी पेणच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. वाचनालय चांगलं पाच पायऱ्या वर. ताई खालून भोंगा वाजवत आणि मी पुस्तक घेऊन खाली धावे. एवढी सरबराई मी आमच्या अध्यक्षांचीही केली नाही. पण एके दिवशी त्यांनी पुस्तक घेतलंच नाही.

"तुम्ही आणाल तेच किती वाचू? मला कपाटासमोर बसून माझं मी निवडायचंय. इथं उतार बांधा."

"त्यापेक्षा चौघं मिळून तुम्हाला वर..." एवढं म्हणेपर्यंत गणपती आलाच.

मी हे बैठकीत मांडलं, तर कार्यकारिणी हसली. उताराने इमारतीची शोभा जाईल, असं एका सभासदाचं मत पडलं. मग ताईंनी रोह्याची फौज पेणला आणली. कुबड्या, काठ्या, तीनचाक्या. सगळे पायऱ्या अडवून मोठमोठ्याने पेपर वाचत बसले, छोट्या जाहिरातींसकट. अध्यक्षांना आत जायला वाट मिळेना.

"अडलंय का तुमचं?" ताईंनी मायेने विचारलं. "उचलून नेऊ?"

उतार झाला. मला मनापासून आनंद झाला, माझे गुडघेही सुटणार होते.

पहिल्या दिवशी ताई आल्या, तर सायकलच्या मागच्या फळीवर एक किरकोळ, वाकलेला म्हातारा. त्यांचे वडील, आबा. जन्मभर मिठागरात राबलेले. मी हात लावायला धावलो.

"लांब राव्हा."

दोनदा चाक मागे आलं. तिसऱ्यांदा त्या वर पोचल्या.

धाप ओसरल्यावर म्हणाल्या, "मिठागरावर जायच्या आधी मला पाठीवर घेऊन शाळेत सोडायचे. सातवीपर्यंत. त्यातच पाठ गेली त्यांची. तवाच ठरवलं, आता कुणाला उचलायला लावायचं नाय."

ताईंचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

आबा कपाटांकडे बघत राहिले. "येवढी पुस्तकं गो, शेवंता? मी शाळेच्या दारातनंच मागं फिरायचो."

"म्हणून तर आणलं तुम्हाला. दाखवा, कुठलं वाचू? तुमचं तुम्ही निवडा."

अक्षरओळख नसलेल्या आबांनी खूप विचार करून सगळ्यात जाड पुस्तकावर बोट ठेवलं. ताईंनी ते मोठ्याने वाचायला घेतलं.

'शांतता राखा' ही पाटी माझ्याच डोक्यावर होती. मी खुर्ची जवळ ओढून ऐकत बसलो.