यशवंती मुरकी

माणसाचा आवाज जसजसा वर चढतो, तसतसा त्याच्या खरेपणाबद्दलचा संशय वाढतो. हा नियम गाण्यालाही लागू आहे. पांढुर्ण्याच्या एका संगीत मंडळाने १९८५ साली या संशयाचा कायमचा निकाल लावला, त्याची ही हकीकत.

मंडळाचे गुरुजी गुणवंता मास्तर. ते शिकवीत, की वरच्या पट्टीत दोन आवाज असतात. एक डोक्याचा, म्हणजे बारीक पण भरीव. दुसरा खोटा, म्हणजे नुसती हवा. ओळखायचे असे: वरच्या सुरावर हळूच ‘ऊ’ धरायचा आणि घसरत खाली यायचे. आवाज अखंड छातीपर्यंत उतरला तर खरा, मध्येच टचकन तुटला तर खोटा. (परीक्षा फारच सोपी होती. अडचण तिथेच झाली.)

सौंसरहून सून होऊन आलेली प्रेमलता शाळेत शिकवी आणि मंडळात मास्तरांकडे गाणे शिके. वर्षभर ती चूल फुंकतानाही ‘ऊ’ करीत राहिली. सासू यमुनाबाई आधी तिला वैद्याकडे नेणार होत्या. मग एका सकाळी त्याच म्हणाल्या, “सूनबाई, आता कुठीच सांधा आयकू येत नाही वं!”

मंडळाच्या संमेलनात एकट्याने कोणी गायचे, यासाठी चाचणी ठरली. प्रेमलताचा सूर वरून खाली आला तो जिना उतरल्यासारखा नव्हे, उतारावरून पाणी आल्यासारखा. त्यानंतर मंडळाचे अध्यक्ष यशवंतराव चाचणीला बसले. संत्र्याचे मोठे व्यापारी. मंडळाची पेटी, सतरंजी आणि चहा त्यांचाच. त्यांचा आवाज मधोमध असा फाटला, की रस्त्यावरची बैलगाडी थांबली.

कार्यकारिणीने गंभीर विचार करून ठराव केला: सदर आवाज फाटलेला नसून ती एक मुरकी आहे. तिला ‘यशवंती’ म्हणावे. ज्यांच्या गळ्यात यशवंती नाही, त्यांचे शिक्षण अपुरे समजावे. ठराव एकमताने मंजूर झाला. (एक सभासद झोपले होते, त्यांचे घोरणे अनुकूल धरले.) प्रेमलता अपुरी ठरून कोरसमध्ये गेली.

मास्तरांना नवा अभ्यासक्रम लावावा लागला.

“प्रेमलताबाई, थोडासा तुटू द्या नं आवाज. काय जाते आपलं?”

“मास्तर, जोडाले तुम्हीच शिकवलं. आता तोडाले कोणत्या तोंडानं सांगून राहिले?”

मास्तर बराच वेळ पेटीचा भाता तपासत राहिले. त्यात काही बिघाड नव्हता.

संमेलनात यशवंतराव त्या वरच्या सुरापाशी पोचले. या खेपेस आवाज तुटला नाही. तो आलाच नाही. तोंड उघडे, माइक चालू. तेवढ्यात कोरसच्या मागच्या रांगेतून प्रेमलताने तो सूर उचलला, भर सभेत निवांत धरला आणि अलगद खाली आणून ठेवला. मास्तरांनी डोळे पुसले.

मग पहिल्या रांगेतले एक पाहुणे उद्गारले, “वा, यशवंतराव, वा!” टाळ्यांचा कडकडाट झाला. यशवंतरावांनी नम्रपणे वाकून तो स्वीकारला.

प्रेमलताने मंडळ सोडले. रविवारी ती मोहगावला जाऊन बायकांना गाणे शिकवू लागली. मास्तरही तिथे जाऊन बसत. (मंडळाला कळवलेले नाही.)

श्रोत्यांना आवाज ओळखता आला नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. तो बाईचा सूर होता, हे बहिऱ्यालाही कळले असते. आपणही होतातच की तिथे, तिसऱ्या रांगेत. आपली मान डोलली ती मागचे ऐकून. हात वाजले ते पुढचे पाहून.