मन राखण्याचं ग्रीस

मोटारसायकलीची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या साहेबा, तू कामचुकार आहेस. हे तुला तोंडावर सांगितलं असतं, पण पुस्तिकेवर स्वतःचं नाव घालायची तुझी हिंमत झाली नाही. आरसा कसा पुसावा यावर तू दीड पान खर्च केलंस आणि शाफ्टच्या दात्यांवर आलास तेव्हा एक ओळ खरडलीस: 'योग्य ते ग्रीस लावावे.' मग बहुधा जेवायला गेलास. योग्य म्हणजे कोणतं, हे सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या प्रमोदने कुणाला विचारायचं होतं?

प्रमोद मूळचा नाशिकचा. एक्क्याण्णव साली तो सिल्वासात बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. दमणच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून त्याने जुनी जर्मन मोटारसायकल घेतली होती. तिला चेन नव्हती. इंजिनाचा जोर शाफ्टमधून, म्हणजे एका फिरत्या दांड्यातून, मागे जायचा आणि चाकाच्या मधोमध दात्यात दाते अडकून चाक फिरायचं. ते दाते आता कोरडे पडले होते. गिअर टाकला की मागून सुपारी कातरल्यासारखा आवाज यायचा.

आणि सोमवारी याच गाडीवरून बायकोला, भारतीला, खानवेलला न्यायचं होतं. तिथल्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती आणि मुलाखतीत एक पाठ घेऊन दाखवायचा होता. भारती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, वर बी.एड. लग्न होऊन इथे आल्यापासून तिच्या त्या विद्येचा उपयोग फक्त लोणच्याला झाला होता. बसचा भरवसा नव्हता, तिच्या मनात आलं तर ती यायची.

"मला वेळेवर पोचवा," भारतीने बजावलं. "ही नोकरी हुकली, तर घरातलं सगळं रसायनशास्त्र बंद. पोळीभाजीसकट."

ते राहायचे त्या कॉलनीत कोण कुठल्या कंपनीत आहे, हे दारावरची पाटी न वाचता कळायचं. प्रमोदकडे नुसत्या बादल्या. धाग्याच्या कंपनीतल्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला नायलॉनचा दोर. आपल्या कंपनीचा माल शेजाऱ्याला आणून देणं हा तिथला शिष्टाचार, आणि दिलेला माल न वापरणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. त्यामुळे रविवारी सकाळी प्रमोदने जिन्याखाली मागचं चाक काढलं आणि चहा व्हायच्या आत तिघं जण तीन डबे घेऊन हजर झाले.

वरच्या मजल्यावरचा सुधाकर बेअरिंगच्या कारखान्यात. त्याचं ग्रीस पिवळंधमक, साजूक तुपासारखं. समोरचा हृषीकेश तेलं-वंगणं बनवणाऱ्या कंपनीत. त्याचं काळंकुट्ट. आणि शेजारचा समाधान, धुळ्याकडचा, धाग्याच्या कंपनीत भट्टी सांभाळायचा. त्याचं विटकरी.

"भो, हेच लावा," समाधान म्हणाला. "आमच्या भट्टीच्या साखळीला लावतो आम्ही. लोखंड पातळ होईल, पण हे नाही होणार."

"ही मोटारसायकल आहे, तंदूर नाही," हृषीकेश म्हणाला.

सुधाकरने दोघांकडे दुर्लक्ष करून स्वतःच्या डब्याचं झाकण काढून ठेवलं. मग तिघंही हाताची घडी घालून उभे राहिले. कुणीही जायला तयार नव्हतं. प्रत्येकाला आपलं ग्रीस लागताना बघायचं होतं.

प्रमोदला जन्मात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. लोक याला भिडस्तपणा म्हणतात, मी मूर्खपणा म्हणतो. त्याने तिन्ही डब्यांतून बोट-बोट ग्रीस काढलं, तळहातावर कालवलं आणि दात्यांना लिंपलं. कुणाचं कमी पडलं असं वाटू नये म्हणून पुन्हा एकेक बोट घेतलं. साडीला इस्त्री करता करता भारतीने खिडकीतून विचारलं, की एकत्र काय कालवताय ते बघून तरी कालवताय का.

"हे मेकॅनिकल आहे," प्रमोद म्हणाला. "केमिस्ट्री नाही."

सोमवारी गाडी लोण्यासारखी चालली. आवाज गेला होता. प्रमोद शीळ वाजवत होता. पण खानवेलचे चढउतार सुरू झाले, चाक तापलं आणि दात्यांवरचं ते मिश्रण ताकासारखं पातळ झालं. ते बाहेर फेकलं गेलं आणि त्याच चाकात बसलेल्या ब्रेकवर पसरलं. शाळेच्या फाटकापाशी प्रमोदने ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी पुढे गेली. पुढचा ब्रेक खडीवर दाबायचा धीर त्याला झाला नाही. प्रार्थनेला उभ्या पोरांच्या रांगा मोठ्या समजूतदारपणे दुभंगल्या, आणि गाडी लांब उडीच्या वाळूत रुतून थांबली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

भारतीच्या साडीच्या काठावर काळे ठिपके उडाले होते. हेडमास्तरांनी आधी गाडीकडे बघितलं, मग साडीकडे, आणि म्हणाले, आलाच आहात तर पाठ घ्या.

ती झाडाच्या पानाच्या रचनेवरचा पाठ तयार करून गेली होती. तो तिने बाजूला ठेवला. नवऱ्याला चाक उघडायला लावलं, बोटावर तो काळा ओघळ घेतला आणि वर्गात शिरली. ग्रीस म्हणजे तेलच, तिने सांगितलं. साबण किंवा खास माती ते स्पंजासारखं धरून ठेवते. पण एकमेकांशी न पटणारे दोन स्पंज एकत्र कोंबले, की दोघंही तेल सोडून देतात.

"मग बाई, पटतं की नाही ते आधी बघायचं ना?" मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली.

"बघायचं," भारती म्हणाली. "पण काही लोक म्हणतात, ही केमिस्ट्री नाही."

खिडकीबाहेर प्रमोद चिंधीने चाक पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

संध्याकाळी जिन्याखाली तिघांनी ब्रेकची पाहणी केली. प्रत्येकाचं मत एकच पडलं: घाण झाली ती दुसऱ्या दोघांच्या मालामुळे. सुधाकरने तर आपलं ग्रीस अजून जागच्या जागी आहे म्हणून एक पिवळा डाग दाखवला. तो चाक पुसलेल्या स्वयंपाकघरातल्या चिंधीच्या हळदीचा निघाला. एवढ्यात भारती पेढे घेऊन खाली आली. ग्रीसवरचा पाठ आवडून हेडमास्तरांनी तिला पुढच्या सोमवारपासून रुजू व्हायला सांगितलं होतं.

तिघांनी एकेक पेढा उचलला. मग सुधाकर म्हणाला, की पिवळं ग्रीस जरा लवकरच पातळ होतं, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. हृषीकेश म्हणाला, ओघळ काळा होता, तेव्हा आणखी काही सिद्ध करायची गरज नाही.

समाधानने पेढा तोंडात टाकला नाही. तो हातातच धरून भारतीच्या वाटेत उभा राहिला.

"ते ऱ्हाऊ द्या, वैनी. भट्टीतलं ग्रीस नसतं, तर दुसऱ्या दोघांचं बिनसलं असतं का? तुमची नोकरी कोणाच्या ग्रीसमुळे लागली, ते आज सगळ्यांसमोर सांगाच."