कोपरा फाटलेली कार्डं

मुरुडच्या वाचनालयात जुन्या पत्रांचं आणि फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, त्यामुळे शेषेरावांचे पाय आठ दिवस जमिनीला लागत नव्हते. फक्त एक फोटो मिळत नव्हता, आणि त्याच्याशिवाय सगळं प्रदर्शन त्यांना अळणी वाटत होतं. सहासष्ट साली स्टेशनात छोट्या गाडीच्या इंजिनापुढे सातवीच्या वर्गाने काढलेला तो फोटो. इंजिनावर कुणीतरी हिरवी झेंडी धरून उभं होतं, पण वाफेतून नुसता हात बाहेर आलेला. तो हात माझा, असं शेषेराव म्हणत. त्यांचा जिवलग दोस्त महादेवप्पा म्हणे, माझा. या हातापायी दोघांनी अकरा वर्षं तोंड बघितलं नव्हतं आणि फोटो महादेवप्पाच्या धर्माबादच्या कपाटात कुलूपबंद होता.

निमंत्रणं पोस्टकार्डावरच जायला हवीत, असा शेषेरावांचा हट्ट. सून शिल्पा चित्रकलेची शिक्षिका. तिने चाळीस कार्डं लिहिली, जुनी दिसावीत म्हणून चहात बुडवून वाळवली, प्रत्येकाचा एक कोपरा फाडला आणि सासऱ्यांना न दाखवताच पेटीत टाकली. बिचारीला आयुष्यात एकही कार्ड आलेलं नव्हतं. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याचा सांगावा, तो पुढचं न वाचताच दारात फाडून टाकायचा, हे तिला कोण सांगणार?

प्रदर्शनाच्या सकाळी पाहुण्यांची पहिली जीप शेषेरावांच्या घरी आली. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "समदे वाचनालयात हाईत." दर्शनाला तिथंच ठेवलंय म्हणायचं, असं पाहुण्यांनी ठरवलं. वाचनालयाच्या दाराला झेंडूच्या माळा होत्याच.

शेषेरावांच्या पत्नी कस्तुराबाई दारात स्वागताला उभ्या होत्या. चार जणींनी त्यांच्या गळ्यात पडून एकदम गळा काढला.

"अगं, झालं काय?" कस्तुराबाई गुदमरत म्हणाल्या.

"धक्का बसलाय बाईला," एक जण दुसरीला म्हणाली. "कुंकू बी पुसलं न्हाई अजून."

एवढ्यात महादेवप्पा आत शिरला. एका हातात हार, दुसऱ्या हाताने तो फोटो छातीशी धरलेला. भर दालनात तो रडायला लागला. "शेषा, झेंडी तूच धरली हुतीस रं. मीच हट्टाला पेटलो. घे, ठेव तुझ्यापाशी."

"जरा मोठ्यानं म्हण की," आतल्या खोलीतून हातोडी घेऊन येत शेषेराव म्हणाले. "मागं नीट ऐकू आलं न्हाई."

महादेवप्पाने डोळे पुसून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जित्ता हाईस?"

"हाव. निमंत्रण वाचलं न्हाईस का?"

"कोपरा फाटका, शिक्का मुरुडचा, अक्षर तुझं न्हाई. गेलं कोण मंग? दारातच फाडलं." त्याने फोटो काखेत मारला. "मेलेल्याला दिला हुता. जित्त्याला न्हाई."

सगळे शिल्पाकडे वळले. "मला वाटलं, जुनं दिसंल," ती पुटपुटली.

पण शेषेरावांना आता राग कुठला? अकरा वर्षांनी फोटो हाताच्या अंतरावर आला होता. त्यांनी चौकटीचं एक टोक पकडलं, महादेवप्पाने दुसरं. काच करकरायला लागली, तशी नागुबाई पुढे झाली. रेल्वेतल्या गँगमनची ही लेक लहानपणी शेषेरावांच्याच गल्लीत राहायची, लग्नानंतर परगावी गेलेली. तीही रडायलाच आली होती.

"बघू द्या," म्हणत तिने फोटो काढून घेतला. "ह्यो तर माझा हात हाय."

दोघांचे हात परत फोटोकडे गेले.

"झेंडी माझ्या बापाची. तुमाला कोण हात लावू देतंय? अन् मनगटात बांगडी दिसना का दोघांना?"

दोन चष्मे फोटोवर वाकले. बांगडी होती.

"मंग आमी कुठं हाव?" शेषेरावांनी हळूच विचारलं.

नागुबाईने खालच्या कडेला बोट ठेवलं. तिथे दोन पोरं मातीत झोंबत होती, एक दुसऱ्याच्या छातीवर बसलेलं. हलल्यामुळे चेहरे पुसट आले होते. "ह्ये काय. झेंडी मला मिळाली म्हणून भांडून राहिलाव."

अख्खं दालन हसत सुटलं. शिल्पाने फोटो भिंतीवर टांगला आणि खाली नागुबाईचं पूर्ण नाव लिहिलं. ते दोघे मात्र फोटोपासून हलेनात.

बऱ्याच वेळाने महादेवप्पा म्हणाला, "शेषा, वर बसलाय त्यो मी."

"तू?" शेषेराव म्हणाले. "तू तर खाली हाईस."